पापुद्र्यामागचा रोजगार : गॅबॉनमधील न्कोकची कथा

प्लायवुड घ्यायला आलेले गिऱ्हाईक फळी उभी करून सर्वप्रथम तिचा रंग पाहते. रंग लालसर, पृष्ठभाग गुळगुळीत आणि रेषा सरळ असल्या की माल उत्तम, अशी त्याची समजूत असते. दुकानदारही ती मोडण्याच्या फंदात सहसा पडत नाही. वास्तविक फळीचे बळ आतल्या थरांत आणि ते थर जोडणाऱ्या रेझिनमध्ये असते. वरचा पापुद्रा, ज्याला बाजारात नुसते ‘फेस’ म्हणतात, तो मिलिमीटरच्या सुमारे एक-तृतीयांशाइतकाच जाड असतो. तरीही गिऱ्हाइकाचे मन आणि बऱ्याच अंशी मालाचा भाव या पापुद्र्यावरच ठरतो.

मुंबईचे रे रोड असो की पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केट, गेल्या दहा-बारा वर्षांत हा पापुद्रा बदलला आहे. पूर्वी तो बहुतेक करून म्यानमारच्या गर्जन वृक्षाचा असे. आता पुष्कळदा तो ओकूमे नावाच्या आफ्रिकी वृक्षाचा असतो, आणि तो सोलला जातो विषुववृत्तावरील गॅबॉन या देशात, राजधानी लिब्रव्हिलपासून २७ किलोमीटरवरील न्कोक येथील औद्योगिक वसाहतीत. तेथील काही कारखान्यांत भारतीय भांडवल आहे, यंत्रांपाशी भारतीय कारागीर आहेत आणि त्यांच्या शेजारी गॅबॉनचे तरुण उभे आहेत. या कारखान्यांनी त्या देशाला रोजगार दिला काय, दिला असल्यास तो कोणत्या प्रतीचा, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न लाकूड, प्लायवुड आणि हार्डवेअरच्या व्यापारातील कुटुंबांनी बारकाईने पाहावेत असे आहेत. आपल्या गोदामातला माल आता त्यांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

पापुद्र्याचा हा प्रवास आपल्याच देशातून सुरू झाला. आसाम आणि अरुणाचलाच्या सीमेवर चहाच्या पेट्यांसाठी प्लायवुड तयार करण्याचा धंदा इंग्रजांच्या काळापासून रुजलेला होता. पुढे त्यातूनच घरगुती प्लायवुडचा मोठा उद्योग वाढला. जंगल हाताशी, ओंडका स्वस्त आणि मजूर स्थानिक. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात अंतरिम आदेश दिला. अरुणाचलातील आणि त्याच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतील आसामच्या पट्ट्यातील लाकूड कापण्याच्या, व्हिनियरच्या व प्लायवुडच्या गिरण्या तत्काळ बंद करण्याचा हुकूम झाला. जंगलतोडीला आळा बसणे आवश्यक होते, याविषयी वाद नाही. पण एका आदेशाने अवघ्या प्रदेशाचे काम थांबले. यंत्रे होती, हात होते, गिऱ्हाईक होते. ओंडका तेवढा नव्हता. उद्योग मग हरियाणात यमुनानगरला शेतकऱ्यांच्या पॉप्लर आणि निलगिरीवर, केरळात पेरुंबावूरला रबराच्या लाकडावर, आणि कांडला बंदराच्या आश्रयाने गांधीधामला आयात ओंडक्यांवर पुन्हा उभा राहिला. ईशान्येतल्या कामगाराच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही.

शेतातल्या पॉप्लरचा गाभा चालतो, फेस मात्र त्याचा चालत नाही. रुंद, गाठविरहित, सलग पापुद्रा देणारे झाड जुन्या जंगलातच सापडते. म्हणून गर्जनचे ओंडके म्यानमारहून येऊ लागले. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी घातली. भारतीय कंपन्यांनी सोलण्याची यंत्रे म्यानमारमध्येच नेली. काही लाओसमध्ये गेल्या. मे २०१६ मध्ये लाओसच्या पंतप्रधानांनीही कच्च्या लाकडाच्या निर्यातीला चाप लावला. अशा रीतीने दोन वर्षांत दोन दरवाजे मिटले, आणि आशियात पुरेसे ओंडके देणारा देश उरला नाही. तेव्हा नजर गेली ती गॅबॉनकडे. गंमत अशी, की गॅबॉनने आपला दरवाजा या दोघांच्याही आधी, २०१० मध्येच, मिटून घेतला होता. फक्त शेजारी कारखान्यासाठी जागा मोकळी ठेवली होती.

झाडांचा श्रीमंत, माणसांचा विरळ देश

गॅबॉनचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडे कमी. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ११ कोटींवर होती. गॅबॉनची आजही २५ लाखांच्या आसपास आहे. भूमीचा जवळजवळ ८८ टक्के भाग वनाच्छादित आहे. वने इतकी दाट, तरी बहुतेक माणसे शहरात राहतात आणि त्यांतील मोठा हिस्सा एकट्या लिब्रव्हिलच्या परिसरात. शेती नगण्य, तांदूळ, गहू, कोंबडी असे रोजचे अन्न जहाजाने येते. १७ ऑगस्ट १९६० रोजी फ्रान्सपासून स्वतंत्र झाल्यानंतर खनिज तेलाने या देशाला आफ्रिकेच्या मानाने श्रीमंत केले, पण तेलविहिरीला माणसे थोडी लागतात. त्यामुळे दरडोई उत्पन्नाचा आकडा भरघोस आणि पाचांतला एक जण बेकार, असे विचित्र चित्र उभे राहिले. तरुणांमध्ये बेकारीचे प्रमाण याहूनही बरेच जास्त आहे.

ओकूमे हे या देशाचे जणू राखीव झाड. गॅबॉन आणि त्याला लागून असलेल्या काही भागांव्यतिरिक्त ते जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या वाढत नाही. गुलाबी छटेचे, हलके आणि सरळ खोडाचे हे लाकूड पाण्यावर तरंगते, आणि यंत्रावर लोण्यासारखे सोलले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते युरोपात जाऊ लागले. प्रथम सिगारच्या पेट्यांसाठी त्याचा उपयोग झाला आणि मग प्लायवुडसाठी त्याला मागणी आली.

त्या काळच्या लाकूडतोडीचे वर्णन एका डॉक्टराने लिहून ठेवले आहे. अल्बर्ट श्वाइट्झर १९१३ मध्ये ओगोवे नदीकाठच्या लांबारेने येथे रुग्णालय काढून राहिले. भारतीय विचारपरंपरेवर पुढे ग्रंथ लिहून अहिंसेच्या आज्ञेचे श्रेय जैन विचारवंतांना देणारे ते हेच श्वाइट्झर. आपल्या आफ्रिकेतील आठवणींत त्यांनी लाकूडतोड्यांवर आणि तराफे वल्हवणाऱ्यांवर एक प्रकरण खर्ची घातले आहे. गावापासून दूर दलदलीत माणसे झाडे पाडत, ओंडके ढकलत पाण्यापर्यंत नेत, पुराची वाट पाहत, आणि वेलींनी बांधलेले प्रचंड तराफे घेऊन आठवडेच्या आठवडे समुद्राच्या दिशेने वाहत जात. वाटेत तराफा फुटला की वर्षाची कमाई बुडे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीचे कर्ज मात्र शाबूत राही. म्हणजे लाकडात रोजगार पूर्वीही होता. तो पाडण्याचा आणि वाहण्याचा रोजगार होता. ओंडका एकदा जहाजात चढला की गॅबॉनच्या माणसाचा आणि त्याचा संबंध संपत असे. सोलणे, सुकवणे, जोडणे, दाबणे, तासणे, विकणे ही त्यापुढची सारी कामे फ्रान्समध्ये होत आणि अलीकडे चीनमध्ये. पोर्ट-जाँती येथे प्लायवुडचा एक मोठा जुना कारखाना होता हे खरे, परंतु एवढ्या अफाट जंगलाच्या मानाने तो अपवादच म्हणावा लागेल.

एका सहीने थांबलेले ओंडके

ऑक्टोबर २००९ मध्ये अली बोंगो राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या वडिलांनी, ओमर बोंगो यांनी, चार दशकांहून अधिक काळ राज्य केले होते. मुलाने सत्तेवर येताच पुढच्याच महिन्यात घोषणा केली, की २०१० पासून गॅबॉनमधून एकही गोल ओंडका बाहेर जाणार नाही. ज्याला आमचे लाकूड हवे त्याने ते येथे येऊन कापावे, सोलावे आणि मग न्यावे.

घोषणा ऐकायला जितकी सुंदर, तितकाच तिचा पहिला परिणाम कडू होता. तोड करणाऱ्या कंपन्यांनी माणसे कमी केली; ओंडक्यांच्या विक्रीवर चालणाऱ्या सरकारी मंडळाची मिळकत आटली; बंदरातल्या हमालांचे काम गेले. कारखाने काही सहीबरोबर उगवत नाहीत. यंत्रे मागवायची, वीज आणायची, कामगार शिकवायचे, बँकेचे कर्ज उभारायचे, यात तीन-चार वर्षे सहज जातात. ज्या कामगाराचे काम २०१० मध्ये गेले त्याला २०१४ मधला कारखाना काय कामाचा? रोजगारनिर्मितीच्या सरकारी पुस्तिकांत निर्माण झालेल्या जागांचा रकाना असतो, मध्यंतरी गेलेल्या जागांचा क्वचितच असतो.

ही पोकळी भरून काढण्यासाठी न्कोकची वसाहत उभी राहिली. १,१२६ हेक्टरांचे जंगल मोकळे करून आखलेल्या या विशेष आर्थिक क्षेत्रात सरकारचा भागीदार होती सिंगापूरची ओलाम ही कंपनी. ओलामची मुळे आपल्या वाचकांना अपरिचित वाटणार नाहीत. १९८९ मध्ये नायजेरियात केवलराम चनराय या सिंधी व्यापारी समूहाने काजूच्या निर्यातीसाठी ती सुरू केली आणि तिची धुरा पहिल्यापासून भारतीय व्यवस्थापकांकडे राहिली. पुढे आफ्रिका फायनान्स कॉर्पोरेशन ही वित्तसंस्थाही न्कोकमध्ये भागीदार झाली. रस्ते, वीज, पाणी, जकातीचे कार्यालय आणि सर्व परवाने एकाच छताखाली देणारी खिडकी अशी व्यवस्था झाली. येणाऱ्या उद्योजकास दहा वर्षे आयकर माफ, यंत्रसामग्रीवर आयातशुल्क नाही आणि नफा मायदेशी नेण्यास आडकाठी नाही. ओंडक्याची निर्यात बंद असल्यामुळे देशातल्या देशात त्याचा भाव उतरलेला होता, ही न छापलेली सवलत तर सर्वांत मोठी.

भारतातून ग्रीनप्लायने २०१७ च्या सुमारास न्कोकमध्ये व्हिनियरचे उत्पादन सुरू केले. त्यानंतर सेंच्युरीप्लायचीही उपकंपनी तेथे आली. चिनी कंपन्या आधीपासून होत्याच. काही लहान भारतीय उद्योजकही गेले. यमुनानगर किंवा गांधीधामच्या बाजारात ज्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत, तशीच ही व्यापारी घराणी. फ्रेंच भाषा येत नाही, मलेरियाचा ताप चुकत नाही, आणि शाकाहारी माणसास भाजी विमानाने आलेली व सोन्याच्या भावाची. धंदा माणसाला कुठे नेऊन सोडील याचा नेम नाही!

आत काय चालते

व्हिनियरच्या कारखान्यात शिरले की प्रथम ओंडक्यांचे आवार लागते. तेथे माप घेणारा, खूण करणारा आणि क्रेन चालवणारा असे तिघे महत्त्वाचे. ओंडका ठरावीक लांबीत कापून, साल काढून लेथवर चढवला जातो. तो स्वतःभोवती फिरतो आणि लांब पात्यापुढे कागदाच्या गुंडाळीसारखा उलगडत जातो. पात्याला किती धार, किती दाब, किती वेग, यावर पापुद्रा अखंड येतो की फाटतो हे ठरते. यंत्र कितीही आधुनिक असो, ही नजर पुस्तकातून येत नाही. ओल्या पापुद्र्याचे तुकडे वाळवणीच्या यंत्रातून जातात. तेथून पुढे माणसांचे हात सुरू होतात. प्रत्येक तुकडा उचलून, उजेडाकडे धरून, रंग आणि डाग पाहून त्याची प्रत ठरवायची, भेगा जोडायच्या, गड्डे बांधायचे. या वर्गवारीच्या कामात स्त्रियाही पुष्कळ असतात. तिसऱ्या प्रतीचा तुकडा पहिल्या प्रतीच्या गड्ड्यात गेला तर तक्रार मुंबईहून येते. पहिला तिसऱ्यात गेला तर तक्रार कोणीच करत नाही, नुकसान मात्र मालकाचे. म्हणून चांगल्या वर्गवारी करणाऱ्याला कारखान्यात मान असतो.

ओंडक्याचा साधारण निम्मा भागच उपयोगी पापुद्र्यात उतरतो. उरलेले लाकूड बाष्पकात जळते किंवा लहान पट्ट्या करून विकले जाते. भारतीय गिऱ्हाइकाला गुलाबी रंग पसंत नाही, म्हणून ओकूमेच्या पापुद्र्याला गर्जनसारखा लालसर रंग चढवला जातो. हे एक अधिकचे काम. आणि खरे सांगायचे तर आपल्या गिऱ्हाइकाच्या एका गैरसमजुतीने निर्माण केलेला रोजगार.

या ठिकाणी अमेरिकेतील दोन कारखान्यांशी तुलना केल्यास न्कोकच्या कामाचे स्वरूप स्पष्ट होईल. लाकडाचा चुरा दाबून पार्टिकल बोर्ड करणाऱ्या एगर या ऑस्ट्रियन कौटुंबिक कंपनीने २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील लेक्झिंग्टन येथे कारखान्याची घोषणा केली. पंधरा वर्षांत ७० कोटी डॉलर आणि ७७० नोकऱ्या, असा तो आराखडा होता. उत्पादन २०२० मध्ये सुरू झाले. चिलीच्या अराऊको कंपनीने मिशिगनमधील ग्रेलिंग येथे २०१९ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यात सुमारे ४५ कोटी डॉलर गुंतले आणि जागा झाल्या अडीचशेच्या आसपास. भागाकार केला तर लेक्झिंग्टनला एका नोकरीमागे सुमारे ९ लाख डॉलर आणि ग्रेलिंगला १८ लाख डॉलर भांडवल पडते. तेथे चुरा एका टोकाने आत जातो, अखंड चालणाऱ्या प्रेसमधून फळी दुसऱ्या टोकाने बाहेर येते आणि मधली माणसे पडद्यांकडे पाहत बसलेली असतात. पगार चांगला, माणसे थोडी.

फर्निचरच्या गावी असे कारखाने आले की लोक हर्षित होतात. लेक्झिंग्टन हे तर पिढ्यान्‌पिढ्या खाटा-कपाटे करणारे गाव. चीनमधून स्वस्त फर्निचर येऊ लागल्यावर तेथील कारखाने एकामागून एक बंद पडले होते. पण ज्या सुताराचे काम गेले त्याला या नव्या कारखान्यात जागा मिळतेच असे नाही, कारण यंत्रदुरुस्ती आणि संगणक-नियंत्रण जाणणारा माणूस तेथे हवा असतो. म्हणून कंपनीला तेथील सामुदायिक महाविद्यालयाबरोबर शिकाऊ उमेदवारांची योजना काढावी लागली.

न्कोकचे गणित याच्या उलट आहे. व्हिनियरच्या गिरणीत भांडवल त्या मानाने फार थोडे आणि हात फार. बेकारीने ग्रासलेल्या देशाला हे सोयीचे वाटते, आणि काही अंशी ते आहेही. गॅबॉनमध्ये सरकारनंतर सर्वांत जास्त रोजगार वनउद्योग देतो असे मानले जाते. परंतु कमी भांडवलाच्या नोकरीची एक खोड असते. जे यंत्र सहज आले ते सहज उचलूनही नेता येते. म्यानमारमध्ये नेलेली यंत्रे लाओसला आणि पुढे आफ्रिकेला गेली, हे भारतीय प्लायवुडवाल्यांनी स्वतःच करून दाखवले आहे. ग्रेलिंगचा अखंड प्रेस कोणी असा गाडीत घालून नेणार नाही.

नोकरी कोणाला, पगार किती

सुरुवातीला लेथवर बसणारे, पात्याला धार लावणारे, बाष्पक सांभाळणारे कारागीर भारतातून आणि चीनमधून नेले गेले. त्यावाचून गत्यंतर नव्हते. गॅबॉनमध्ये ओंडके पाडणारे होते, सोलणारे फारच थोडे. पण पाच-सात वर्षांनंतरही कुशल जागा परदेशी माणसांकडे आणि उचलण्या-ठेवण्याची कामे स्थानिकांकडे, अशी विभागणी टिकून राहिली तर असंतोष होणारच. न्कोकमधील कामगारांनी पगार, सुरक्षा आणि वागणूक यांविषयी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. त्यांतल्या साऱ्या खऱ्या मानू नयेत, साऱ्या खोट्याही मानू नयेत. कारखानदार म्हणतो, स्थानिक कामगार टिकत नाही. कामगार म्हणतो, टिकावे असे येथे काय आहे? हा संवाद भिवंडीत आणि इचलकरंजीतही ऐकू येतो.

पगाराचा प्रश्न चलनाशी जोडलेला आहे, आणि बाहेरच्या निरीक्षकांचे त्याकडे दुर्लक्ष होते. गॅबॉनचे चलन मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक. एका युरोस ६५५.९५७ फ्रँक हा त्याचा दर कायम बांधलेला आहे. त्यामुळे चलन स्थिर राहते, महागाई आवाक्यात राहते, कर्ज देणारा निर्धास्त असतो. परंतु व्हिएतनाम किंवा भारत आपले चलन घसरू देऊन निर्यात स्वस्त करू शकतो, तसे गॅबॉनला करता येत नाही. किमान मासिक उत्पन्नाची सरकारी हमी १,५०,००० फ्रँकची, म्हणजे सुमारे २२९ युरोंची. यमुनानगरच्या मालकाला ही रक्कम जड वाटते, तर आयात तांदळावर आणि महागड्या भाड्याच्या खोलीवर जगणाऱ्या लिब्रव्हिलच्या कामगाराला अपुरी. दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. आफ्रिकी मजुरी म्हणजे स्वस्त मजुरी, या समजुतीने तेथे गेलेल्या उद्योजकांना हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला.

करसवलतीचाही हिशोब मांडायला हवा. दहा वर्षे कर माफ म्हणजे त्या काळात सरकारच्या तिजोरीत येणारा लाभ मुख्यतः पगारांतून, भाड्यातून आणि बंदरशुल्कातून. कर्जाचा प्रकल्प-अहवाल तपासताना बँका पहिला प्रश्न विचारतात, की सवलत संपल्यावरच्या अकराव्या वर्षी हा धंदा उभा राहील काय? न्कोकमध्ये पहिल्या तुकडीच्या कारखान्यांची ती अकरावी वर्षे आता येऊ लागली आहेत. ज्यांनी दरम्यान कामगार शिकवले, स्वतःच्या वनक्षेत्राचे दीर्घ मुदतीचे करार केले, प्लायवुडपर्यंत मजल मारली, त्यांना फारशी भीती नाही. ज्यांनी केवळ स्वस्त ओंडका आणि करमाफी यांवर नफा कमावला, त्यांची परीक्षा आहे.

कारखाना चालतो तो ओंडक्यावर, आणि ओंडक्याची वैधता कागदावर. २०१९ च्या प्रारंभी ओवेंडो बंदरात केवाझिंगो या दुर्मीळ, तोडीस बंदी असलेल्या वृक्षाच्या लाकडाने भरलेले शेकडो कंटेनर पकडले गेले. कागदांवर ते ओकूमे म्हणून दाखवले होते. जप्त झालेल्या कंटेनरांतील पुष्कळसे पुढे गायबही झाले! मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्ष आणि वनमंत्री दोघांनाही पदावरून जावे लागले. नव्या वनमंत्रिपदी ब्रिटनमध्ये जन्मलेले जीवशास्त्रज्ञ ली व्हाइट आले. त्यानंतर ओंडका कोणत्या जंगलातून, कोणत्या करारावर आला, हे तपासण्याची पद्धत कडक झाली. कडक तपासणीमुळे काही दिवस कारखान्यांना ओंडके मिळेनासे होतात, पाळ्या बंद पडतात, कामगार घरी बसतात. आयातदारांनी या विलंबाबद्दल कुरकुर करताना एवढे ध्यानात ठेवावे, की तपासणीविना आलेला माल स्वस्त वाटला तरी तो पुढच्या पाच वर्षांचा पुरवठा खाऊन टाकणारा असतो.

याचा दाखला इंडोनेशियात आहे. त्या देशाने १९८५ मध्ये ओंडक्यांची निर्यात पूर्ण बंद केली. काही वर्षांतच तो जगातील सर्वांत मोठा प्लायवुड निर्यातदार झाला. जपान, कोरिया, तैवानच्या गिरण्या हतबल झाल्या आणि लाखो लोकांना इंडोनेशियात काम मिळाले. मात्र गिरण्या इतक्या झाल्या की जंगल त्यांना पुरे पडेना. वैध ओंडका संपला की चोरटा आला, तोही आटला तेव्हा गिरण्या बंद पडल्या. गॅबॉनचे क्षेत्र मोठे आणि लोकसंख्या लहान, त्यामुळे तेथे ती वेळ लवकर येईल असे नाही. पण कारखान्यांची संख्या जंगलाच्या वाढीशी बांधून ठेवण्याचे काम मंत्र्याला रोज करावे लागते, आणि नव्या कारखान्याच्या उद्घाटनाची फीत कापणे त्याहून कितीतरी सोपे असते.

पापुद्र्याच्या पुढे

खरा प्रश्न मात्र साखळीच्या लांबीचा आहे. न्कोकमधून भारतात येतो तो पापुद्रा. गाभा पॉप्लर-निलगिरीचा, रेझिन येथले, प्रेस येथला. म्हणजे एका फळीमागचा थोडा रोजगार न्कोकला आणि मोठा वाटा यमुनानगरला किंवा गांधीधामला. फळीचे कपाट होते तेव्हा त्याहून मोठा वाटा पुण्या-मुंबईतल्या सुताराला आणि दुकानदाराला. भारतीय उद्योगाला ही वाटणी सोयीची आहे. गॅबॉनला ती अपुरी वाटणे स्वाभाविक. तेथील सरकार प्रथमपासून म्हणत आले आहे, की पापुद्र्यावर थांबू नका, प्लायवुड करा, दारे करा, फर्निचर करा. काही कारखान्यांनी प्लायवुड सुरूही केले आहे. पण रेझिनचा कच्चा माल बाहेरून आणावा लागतो, विजेचा भरवसा नाही, देशांतर्गत गिऱ्हाईक पंचवीस लाखांचे. शिवाय भारतात २०२५ पासून प्लायवुडवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाल्याने तयार फळी येथे विकणे पूर्वीइतके सरळ राहिले नाही. म्हणून युरोपकडे जाणारे हलके, जहाजबांधणीस योग्य असे ओकूमे प्लायवुड, हीच त्यांच्या दृष्टीने पुढची पायरी दिसते. ते काम आले तर प्रेसवर, पॉलिशवर, तपासणीवर आणि निर्यातीच्या कागदपत्रांवर नवी माणसे लागतील, आणि ती शिकलेली लागतील. न्कोकलाच उभारलेल्या व्यवसाय-प्रशिक्षण केंद्राचे महत्त्व त्यामुळे कोणत्याही एका कारखान्यापेक्षा जास्त आहे. केंद्रातून बाहेर पडलेला गॅबॉनचा तरुण जेव्हा लेथवर बसेल आणि गांधीधामहून गेलेला कारागीर घरी परतेल, तेव्हा ती नोकरी खऱ्या अर्थाने त्या देशात रुजेल. आपल्या काही कारागिरांना हे रुचणार नाही; तरी ते न्याय्य आहे.

३० ऑगस्ट २०२३ रोजी लष्कराने बोंगो घराण्याची सत्ता उलथवली. ओंडक्यांच्या निर्यातबंदीचे आता काय होणार, ही धास्ती तेव्हा रे रोडपासून यमुनानगरपर्यंत पसरली. काही दिवस बंदर आणि सीमा बंद राहिल्या, दूरध्वनी लागेनात, माल अडकला. मग कारखाने पुन्हा सुरू झाले. नवे सत्ताधीश जनरल ब्रीस ओलिगी न्गेमा एप्रिल २०२५ मध्ये निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले, आणि बंदी उठवण्याऐवजी त्यांनी तिचे सूत्र अधिक ताणले. त्याच वर्षी मे महिन्यात गॅबॉनने जाहीर केले, की १ जानेवारी २०२९ पासून मँगनीजचे कच्चे खनिजही देशाबाहेर जाणार नाही. मँगनीजच्या मोठ्या उत्पादक देशांत गॅबॉनची गणना होते, आणि ते वितळवण्यासाठी लागणारी वीज आज तेथे पुरेशी नाही.